ट्रिप्सचे फोटो, पण तारखांचा पत्ता नाही!

प्रश्न: वर्षभर मित्रांसोबत जाम फिरलो, धमाल केली, पण आता मागे बघितलं तर सगळ्या ट्रिप्सची डोक्यात खिचडी झालीये. फोटो ढीगभर, पण कुठला कधीचा तेच कळेना. काय करू?

उत्तर: अहो, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंचा हाच घोळ असतो, पाठवताना क्वालिटी कमी होते आणि फोटो कधी, कुठे काढला ती माहितीही उडते, म्हणून ज्याने काढलाय त्याच्याकडून ओरिजिनल फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, मग तारखेप्रमाणे लावता येतील. आणि नुसते ग्रुप फोटो नका ठेवू (सगळे सारखेच दिसतात!), रस्ता कोणी चुकवला, कोण कशावरून भांडलं तेही ग्रुपवर विचारून लिहून काढा. प्रत्येकाचं व्हर्जन वेगळं निघणार, सगळीच ठेवा.