बोअरच्या पाण्यावर सोलर: नळ्यांचाच घ्या, पण आधी प्लंबिंग बघा

पुण्याच्या वाघोलीत रो-हाऊस, चार माणसं, पाणी बोअरचं आणि टँकरचं. सोलर वॉटर हीटर प्लेटचा घ्यावा की काचेच्या नळ्यांचा, असं तुम्ही विचारलंय.

नळ्यांचाच घ्या, २०० लिटरचा. प्लेटच्या आतल्या तांब्याच्या नळ्या बारीक असतात. जड पाण्याचा क्षार त्यांत बसला की पाणी फिरेनासं होतं. काचेच्या नळ्या चांगल्या रुंद. क्षार तळाशी साचतो आणि नळी काढून धुता येते. तुमच्याकडे धरणाचं पाणी असतं तर मी प्लेट सांगितली असती, कारण तिला फुटायची भीती कमी.

पण तुम्हाला पुढे त्रास झालाच, तर तो बहुधा प्लंबिंगचा असेल. धायरीला आमच्या घरी दोन हिवाळे पहिली बादली कढत आणि दुसरी कोमट यायची. आई बिचारी पहाटे उठून नंबर लावायची. फिटरने सांगितलं, नळ्या गेल्या, सगळ्या बदला. त्या बदलण्याआधी मी गच्चीवर जाऊन सोलरच्या टाकीत येणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद केला आणि खाली फक्त गरमचा नळ सोडला. गार येणं बंद, म्हणजे नळाची धार थोड्या वेळात तुटायला हवी. ती तुटेना, आणि पाणी थंडगार! वरच्या बाथरूममधला हँडशॉवर मुठीवरच बंद केला जायचा, मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्याच. गारच्या लाइनीला प्रेशर पंप, गरमचं पाणी नुसतं उतारावर येणारं. त्यामुळे गार पाणी मिक्सरमधून गरमच्या लाइनीत घुसत होतं. रात्री व्हेंटपाइपमधून, म्हणजे सोलरच्या टाकीवरच्या हवेच्या उघड्या पाइपातून, गच्चीवर पाणी सांडायचं, तेही याचमुळे. पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवले आणि चाव्या बंद करायची सवय लावली. नळ्या आजही त्याच आहेत.

तुमचं काम नवीन आहे, तर हे व्हॉल्व्ह आत्ताच टाकून घ्या. गरमची लाइन सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिक पाइप), शक्य तितक्या आखूड वाटेने आणा आणि तिला फोमचं आवरण घाला. पाऊण इंची पाइप २० मीटर असेल तर त्यातच पाच-सहा लिटर पाणी थंड होऊन पडलेलं असतं. रोज सकाळी तेवढं वाया जाणार. टँकरच्या पाण्याला ते परवडत नाही.

तोंड दक्षिणेला करा. जागा ठरवताना डिसेंबरातली सावली धरा. तेव्हा पुण्यात भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो, म्हणजे मीटरभर कठड्याची सावली जवळजवळ मीटरभर पडते. आत्ता मे महिन्यात ती दिसणार नाही.

जुना गीझर काढू नका, आषाढ-श्रावणात लागतोच.

आणि टाकी कधी रिकामी झाली तर उन्हात भरू नका. तापलेल्या नळीत गार पाणी गेलं की काच तडकते. सूर्य मावळून नळ्या निवल्या की रात्री भरा, नाहीतर पहाटे.