होमस्टे कोऑर्डिनेटर म्हणजे पीजीवाल्या काकू नव्हे

ताई नमस्कार, पत्र वाचलं. लेक मेलबर्नला सोशल वर्कमध्ये मास्टर्स करून आता पोस्ट स्टडी व्हिसावर आहे, एका शाळेत होमस्टे कोऑर्डिनेटरची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना तिथल्या कुटुंबांत राहायला ठेवून त्यांच्याकडे लक्ष द्यायची, नोकरी मिळतेय, आणि तिचे बाबा म्हणतायत की एवढं लोन काढून शिकवलं ते काय परक्या पोरांना खोल्या शोधून द्यायला? बाबांचा वैताग समजतो, हप्ता काही थांबत नाही. पण कामाचा अंदाज साफ चुकलाय त्यांचा.

तिकडच्या शाळांत चीन, व्हिएतनाम वगैरे देशांतून पंधरा-सोळा वर्षांची पोरं एकटी शिकायला येतात. सोबत आईबाप किंवा सरकारने मान्य केलेला नातेवाईक नसेल तर मुलाच्या राहण्याची आणि देखभालीची जबाबदारी शाळा लेखी घेते, ते पत्र व्हिसाला लागतं. मग नॅशनल कोड २०१८, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या संस्थांसाठीचे तिथले सरकारी नियम, त्याप्रमाणे यजमानांचं घर मुलगा यायच्या आधी तपासायचं, नंतर निदान दर सहा महिन्यांनी परत, शिवाय यजमानांचा वर्किंग विथ चिल्ड्रन चेक (मुलांजवळ राहायला माणूस सुरक्षित आहे का याची सरकारी तपासणी) बघायचा, आणि मुलगा कुठे आहे तेच कळेना तर पोलिसांना कळवायचं. यातलं काही राहिलं तर शाळेच्या परदेशी विद्यार्थी घ्यायच्या परवानगीवर गदा येऊ शकते. म्हणजे अर्धं काम कायद्याचं, अर्धं माणसांचं.

आणि माणसांचं म्हणजे कसं तर समजा हनोईच्या मुलाची आई मेल करते की पोराला उपाशी ठेवतात, यजमान बाई म्हणते रोज डबा देते, आणि दोघीही खरं बोलतायत, कारण डब्यात गार सँडविच असतं, त्याला दुपारी गरम जेवायची सवय, तो लाजून बोलत नाही आणि सँडविच शाळेच्या कचऱ्याच्या डब्यात जातं. कोऑर्डिनेटरने जाऊन फ्रीज बघायचा, मुलाशी बाईंसमोर नाही तर एकट्याशी बोलायचं, रात्रीचा भात थर्मासच्या डब्यात न्यायचं ठरवायचं, आणि हे सगळं त्याच दिवशी फाइलला लिहून ठेवायचं. लिहिणं लोक टाळतात, पण उद्या काही गंभीर झालं तर तीच नोंद कामाला येते. सोशल वर्क शिकलेल्या मुलीला हे शिकवावं लागत नाही, म्हणूनच तर तिला विचारलंय.

आता खटकणारी बाजू. रात्रीचा फोन. अठराखालच्या मुलांसाठी शाळेला चोवीस तास फोन चालू ठेवावा लागतो, आणि छोट्या शाळेत तो फोन बऱ्याचदा कोऑर्डिनेटरच्याच खिशात असतो. तो आळीपाळीने आहे का, त्याचे वेगळे पैसे आहेत का, मुलं किती सांभाळायची, घरं बघायला गाडी शाळेची की स्वतःची, हे जॉइन होण्याआधी लेखी घ्यायला सांगा. तोंडी 'वी आर लाइक फॅमिली' वर जाऊ नका हो, आपल्याकडेही तसंच बोलून राबवून घेतात.

दुसरं म्हणजे हे फील्ड सरकारच्या लहरीवर चालतं. मार्च २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाने सीमा बंद केल्या त्या विद्यार्थ्यांसाठी डिसेंबर २०२१ ला उघडल्या, तेवढ्या काळात नवीन पोरंच नाहीत तर होमस्टे कुठला. जुलै २०२४ ला स्टुडंट व्हिसाची फी ७१० वरून १६०० डॉलर झाली. म्हणून माझं मत, नोकरी घ्यावी, पण दोनेक वर्षं, आणि त्या काळात चाइल्ड सेफ्टी आणि कंप्लायन्सचं (नियम पाळले जातात का ते बघायचं) काम जेवढं हाताखालून जाईल तेवढं घालावं. त्यावर पुढे युनिव्हर्सिटीच्या स्टुडंट सपोर्टला किंवा बाल-कुटुंब सेवांत अर्ज करता येतो.

पीआरचं, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवान्याचं, मात्र मला विचारू नका, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबातच नको, तिथल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला फी देऊन विचारा, या पदाचा उपयोग होतो का ते. ते उत्तर आणि रात्रीच्या फोनची लेखी अट, दोन्ही हातात आलं की बाबांना घेऊनच फोन करा.