गुहागरच्या स्टँडवर उतरलेली मैत्रीण

"मॅडम, प्रवासात माणूस कळतो म्हणतात ना? मग चाळीस वर्षांत ती मला कळलीच नव्हती, असं समजायचं का?"

चिपळूणच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीवर टेकताटेकताच बाईंनी हे विचारलं. वय अठ्ठावन्न, नुकत्याच निवृत्त झालेल्या प्राथमिक शिक्षिका. हातातली पिशवी खाली ठेवायचंही भान नव्हतं. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. बालमित्र, ऑफिसातल्या मैत्रिणी, एकदा तर दोन विहिणी. निघताना स्टेटसवर गळ्यात गळे, परतताना एक या खिडकीतून बाहेर बघतेय, दुसरी त्या. म्हणून बाईंना विचारून ही हकीकत लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेत, नावं देत नाही. एवढंच लक्षात ठेवा की बाईंना गाडी चालवता येत नाही आणि मैत्रिणीला येते.

दोघी शाळेपासूनच्या. मैत्रीण लग्न होऊन डोंबिवलीला गेली, बँकेत लागली. नोकरी, मुलं, सासरची दुखणी यांतून वर्षाला दोन-तीन भेटी, त्याही चार-चार तासांच्या. निवृत्तीनंतर ठरलं की अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने जायचं. आठ दिवस, नवरे घरी. बेत सुंदरच होता. चौथ्या दिवशी गुहागरच्या एसटी स्टँडवर बाई बॅग घेऊन उतरल्या आणि चिपळूणची गाडी पकडून घरी आल्या. तीन आठवडे दोघींचा एकमेकींना फोन नाही.

"झालं काय नेमकं?" मी विचारलं.

"काही नाही. तिने मला म्हटलं, मी काय तुझी ड्रायव्हर आहे?"

वाक्य कुठे म्हटलं गेलं ते महत्त्वाचं होतं. दाभोळच्या जेटीवर. वाशिष्ठीच्या खाडीपलीकडे धोपावे दिसतंय, फेरीबोट अजून त्या काठाला. गाड्यांची रांग, उन्हात तापलेलं टप. मैत्रीण तिकिटासाठी पर्स उघडत होती, तेवढ्यात बाई खाली उतरून पैसे देऊन मोकळ्या झाल्या. त्यावरून ते वाक्य आलं. बाईंच्या मते त्यांनी चांगुलपणाच केला होता. तीन दिवस पेट्रोल त्यांचं, मुरूडची खोली त्यांची, श्रीवर्धनला सुरमईची थाळी त्यांची, आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेसवी या दोन्ही फेऱ्यांची तिकिटंही त्यांचीच. "ती बिचारी एवढी गाडी चालवतेय, मी नुसती बसलेय. काहीतरी नको का करायला?"

'नुसती बसलेय' हे शब्द मी कागदावर लिहून घेतले. पुढच्या बैठकीत तिथूनच सुरुवात केली आणि त्यांना तिसऱ्या दिवसाची सकाळ जशीच्या तशी सांगायला लावली. कुठे निघालात, काय खाल्लं, पाणी किती प्यायलात. माझ्या कामात असले किरकोळ प्रश्न फार उपयोगी पडतात. 'तुम्हाला काय वाटलं' असं विचारलं की लोक ठरवून ठेवलेलं उत्तर देतात. पाण्याचं विचारलं की खरं निघतं.

पाणी त्या प्यायल्याच नव्हत्या. हरिहरेश्वरहून निघाल्यापासून हर्णैपर्यंत दोन घोट. रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्या गोळीने लघवी जास्त होते. किनाऱ्याच्या त्या रस्त्यावर एक गाव सोडलं की दुसरं येईपर्यंत नुसती वळणं, काजूची झाडं आणि तांबडी माती. शिवाय मैत्रिणीला सांगायचं कसं? एकदा दिवेआगरच्या अलीकडे सांगितलं होतं, तेव्हा ती "परत?" म्हणाली होती. त्यानंतर बाईंनी तोंडातून शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी गोळीच घेतली नाही. चौथ्या दिवशीही नाही.

इथे मी समुपदेशन बाजूला ठेवलं आणि आधी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे वाचणाऱ्यांनाही सांगते, प्रवासात त्रास नको म्हणून रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. वेळ बदलायची असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा मार्ग निघतो.

दाभोळच्या जेटीवर उभ्या असलेल्या बाई म्हणजे दोन दिवस गोळी नाही, पाणी नाही, डोकं ठणकतंय, पोटाखाली कळ, आणि वर हसरा चेहरा. त्यांना मैत्रिणीचं 'खरं रूप' तिथे दिसलं म्हणे. प्रवासात माणूस कळतो ही म्हण मला फारशी पटत नाही, ती यामुळेच. प्रवासात थकलेला, भुकेलेला, अवघडलेला माणूस दिसतो. तोच खरा आणि चाळीस वर्षं पत्र लिहिणारा, बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवणारा खोटा, हे कुणी ठरवलं? या दोघींना एकमेकींची चार तासांची सवय होती. चार तासांत कुणालाच काही मागावं लागत नाही.

आता त्यांच्या रागाकडे आलो. बाईंचं पालुपद होतं, "तिला कळायलाच हवं होतं." अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या आणि कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत अशा हट्टाकडे बारकाईने बघतात. इच्छा असणं आणि इच्छेची सक्ती होणं यांत फरक असतो. मराठीत हा फरक एका अक्षरात पकडता येतो. मी त्यांना म्हटलं, तेच वाक्य 'च' काढून म्हणा.

"तिला कळायला हवं होतं."

"अजून थोडं सैल करा."

जरा वेळ गेला. "तिला कळलं असतं, तर बरं झालं असतं." मग स्वतःच पुढे म्हणाल्या, "पण कळणार कसं? मी तर खिडकीतून बगळे बघत बसले होते." शिक्षिका असल्याने व्याकरणातून लवकर शिरल्या. सगळ्यांच्या बाबतीत इतकं पटकन होत नाही.

राहिला पैशाचा प्रश्न. ज्याच्या हातात स्टेअरिंग, त्याच्या हातात थांबायचं कधी, जेवायचं कुठे, काच वर की खाली. शेजारी बसणारा नकळत पाहुणा होतो. बाईंना पाहुणं व्हायचं नव्हतं, पण 'थांब' म्हणण्याचा हक्कही वाटत नव्हता, म्हणून त्या पैसे देत सुटल्या. दर तिकिटागणिक उपकार फिटल्यासारखं वाटत होतं. समोरच्या माणसाला मात्र तेच भाडं दिल्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही. (माझा नवरा गाडी चालवताना एकदाही मनाने थांबत नाही. मी सरळ "थांबव" म्हणते. वीस वर्षं लागली.)

फोन करायला त्या घाबरत होत्या. माफी मागायची की जाब विचारायचा हे ठरत नव्हतं. मी म्हटलं, दोन्ही नको. फक्त जे तिला माहीत नाही ते सांगा. गोळीचं सांगा. बाकी काही नाही.

त्यांनी सांगितलं. पलीकडून बराच वेळ शांतता, आणि मग मैत्रीण जे बोलली ते बाईंनी पुढच्या बैठकीत मला ऐकवलं. "अगो, मला वेसवीच्या बोटीवर गाडी चढवताना पाय लटपटत होते. उताराला गाडी, पुढे पाणी, तो माणूस 'घ्या, घ्या, अजून घ्या' ओरडतोय. डोंबिवली ते कल्याणच्या पुढे मी गाडी नेलीय कधी? तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. आणि तू आपली मजेत पैसे वाटत सुटलेलीस." ते 'परत?' सुद्धा याच भीतीतून आलेलं. अरुंद रस्त्यावर गाडी कडेला घ्यायची आणि पुन्हा वर काढायची याचंच तिला टेन्शन यायचं.

सगळ्या मैत्रिणींच्या पोटात अशी भीतीच असते असं मात्र मी म्हणणार नाही. सोबतचा माणूस तुम्हाला चारचौघांत हिणवत असेल, दारू पिऊन गाडी चालवत असेल, मुद्दाम अडवून धरत असेल, तर वाटेत दिसेल त्या स्टँडवर उतरा. उतरल्याबद्दल स्वतःला दोषही देऊ नका. बाईंना मी तेच सांगितलं होतं, गुहागरला उतरलात यात चूक काही नाही, डोकं ठणकत असताना आणखी दोन दिवस प्रवास रेटला असता तर जास्त बोलली असतात.

उरलेला प्रवास त्यांनी फेब्रुवारीत केला, पण आठवा दिवस गाठायचा आग्रह सोडून. गुहागर ते रत्नागिरी, दोन दिवस. निघण्यापूर्वी फोनवर ठरवून घेतलं: दर तासाला गाडी थांबणार, कुणाला गरज असो-नसो. एका जुन्या पाकिटात दोघींनी सारखे पैसे टाकायचे, खर्च त्यातूनच. दुपारी एक तास दोघी वेगळ्या, कुणी झोपेल, कुणी किनाऱ्यावर जाईल. बोटीवर गाडी चढवताना बाईंनी खाली उतरून मागून सांगायचं. तासाभराचा नियम पहिल्याच दिवशी हेदवीच्या आधी मोडला, त्यावरून थोडी खडाजंगीही झाली म्हणे. वेळणेश्वरला आमटी खारट लागली, तर त्यावर दोघींनी मिळून तक्रार केली.

तवसाळच्या जेटीवर जयगडची बोट यायला वेळ होता. पाकीट गाडीत मागच्या बॅगेत राहिलेलं. मैत्रिणीने स्वतःच्या पर्समधून तिकीट काढलं.

"मग तुम्ही?" मी विचारलं.

"काढू दिलं," बाई म्हणाल्या. "मॅडम, फार जड गेलं हो. नंतर बोटीवर मी तिला मागून 'ये, ये, ये' करत होते, तर तो बोटीवरचा पोरगा माझ्यावरच ओरडला, म्हणाला, मावशी, तुम्ही बाजूला व्हा आधी."