पोर्ट घासायला घेण्याआधी

इंजिनचं हेड उघडलंस म्हणून लगेच इनटेक पोर्ट (हवा आत जायची वाट) मोठा करू नकोस. भोक वाढलं की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो, पेट्रोल भिंतीला चिकटतं आणि गाडी खालून ओढत नाही. आरशासारखी चकाकीही नको. ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरचा खरखरीतपणा राहू दे. हौस असेल तर एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायची वाट) चकचकीत कर, तिथे कार्बन कमी धरतो. गॅस्केट लावून बघ, कडेला पायरी दिसली तर तेवढीच घास. व्हॉल्व्ह सीटजवळच्या आतल्या वळणाची गोलाई मात्र घालवू नकोस, नाहीतर हवा भिंत सोडते.

इंजेक्टरचा फवारा बारीक आणि व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायला हवा. धार पडत असेल तर आधी साफ कर. फुल थ्रॉटलला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या साध्या ओटू सेन्सरचं ऐकत नाही, त्यामुळे हवा वाढली की मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडणारं, होऊ शकतं. एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा (वजनाने) हे प्रमाण क्रूझिंगला ठीक. फुल थ्रॉटलला ते १२.५ ते १३ वर येईल असं ईसीयूचं मॅपिंग (पेट्रोलचं सेटिंग) करून घे.