शेवटचा लॅप नुसता मोजू नका

प्रश्न : सर, रिओ ऑलिम्पिकमध्ये (२०१६) अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोवित्झने १५०० मीटरचा शेवटचा लॅप (४०० मीटरची फेरी) सुमारे ५०.६ सेकंदांत मारला. लंडनमध्ये (२०१२) केनियाच्या डेव्हिड रुडिशाचा ८०० मीटरचा दुसरा लॅप ५१.६३चा होता. मग सेंट्रोवित्झचा फिनिश रुडिशापेक्षा सरस म्हणायचा का? विचारायचं कारण घरचंच आहे. माझा सोळा वर्षांचा मुलगा ८०० धावतो. जिल्ह्याला २ मिनिटं ८ सेकंद आली, पहिला लॅप ६१, दुसरा ६७. जो तो त्याला सांगतो, तुझ्यात किक, म्हणजे शेवटी एकदम वेग वाढवायची ताकद, नाही.
– एक पालक, कराड

उत्तर : आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या शर्यतींचे आहेत. रिओत सोनं मिळालं ३:५०.०० ला. १९३२ नंतरची ऑलिम्पिक १५०० मधली ती सर्वांत संथ जिंकलेली वेळ. सगळे एकमेकांकडे बघत धावले. ५०.६ वजा करा, म्हणजे पहिले ११०० मीटर लॅपला साधारण ६५ सेकंदांनी गेले हे दिसेल. सेंट्रोवित्झची त्या वेळची सर्वोत्तम वेळ ३:३०.४०, म्हणजे लॅपला ५६. अशा माणसाला ६५चा लॅप म्हणजे गप्पा मारत धावल्यासारखं. शेवटच्या लॅपची घंटा वाजली तेव्हा त्याचे पाय ताजे होते.

रुडिशाचं उलटं. ऑलिम्पिकला पेसर, म्हणजे पुढे धावून वेग ठरवून देणारा, नसतो. रुडिशा पहिल्यापासून स्वतः पुढे राहिला, पहिला लॅप संपवून ४९.२८ला घंटा घेतली आणि १:४०.९१चा विश्वविक्रम केला. १:४१च्या आत येणारा तो पहिलाच. त्या शर्यतीत आठव्या आलेल्या माणसाची वेळसुद्धा १:४३.७७ होती. तिथे ५१.६३ म्हणजे रिकाम्या झालेल्या पायांनी काढलेला लॅप आहे. माझ्या लेखी ट्रॅकवर याहून मोठं धावणं झालेलं नाही, आणि त्यात लोक ज्याला किक म्हणतात ती कुठेच नाही.

सेंट्रोवित्झचं श्रेय मात्र मी काढून घेत नाही. त्याची हुशारी जागा धरण्यात होती. बहुतेक शर्यत तो आतल्या कडेला, पुढे राहिला. वळणावर एखादा फक्त एक मीटर बाहेरून धावला तरी त्याला एका वळणाला तीन मीटरपेक्षा जास्त जादा धावावं लागतं. सेकंदाला आठ मीटरच्या वेगात ते जवळजवळ ०.४ सेकंद होतात. दुसरा आलेला तौफिक मखलूफी ०.११ सेकंदानेच मागे होता, आणि पुढच्याला गाठायचं तर बाहेरूनच यावं लागतं. फिनिशची तुलना करताना कोण कुठल्या रेषेवरून धावला हे न बघणारा अर्धंच बघतो.

आता तुमच्या मुलाकडे वळू. त्याच्यासाठी मला १९७२च्या म्युनिक ऑलिम्पिकची ८०० मीटर आठवते. अमेरिकेचा डेव्ह वॉटल टोपी घालून धावायचा. पहिल्या लॅपला तो सगळ्यांच्या मागे होता. मग एकेकाला मागे टाकत शेवटच्या पावलाला सोव्हिएत संघाच्या येवगेनी अर्झानोव्हला त्याने ०.०३ सेकंदाने हरवलं. ती शर्यत बघणारा हमखास म्हणतो, काय किक आहे! त्याचे २०० मीटरचे चार तुकडे मात्र साधारण असे : २६.४, २६.९, २६.४, २६.२. त्याचा वेग जवळपास बदललाच नाही. पुढचे मंदावत गेले, म्हणून तो वेगात दिसला.

हे मी मैदानावर डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या तालुक्याला गवतावर फक्कीने आखलेला २०० मीटरचा ट्रॅक असायचा. मी रेषेवर वही घेऊन उभा. एक मुलगी तिसऱ्या फेरीपर्यंत पाचवी होती. शेवटच्या फेरीत ती चौघींना ओलांडून गेली, पोरं शिट्ट्या मारायला लागली. वहीत तिच्या फेऱ्या होत्या ३६, ३८, ३८, ३७. तोवर पुढे असलेल्या मुलीच्या ३३, ३७, ४०, ४२. त्या मुलीची मान मागे गेली होती, खांदे कानाला टेकले होते, मुठी आवळलेल्या. जिंकलेलीचे हात मात्र पहिल्या फेरीला होते तसेच कमरेजवळून हलत होते.

तुमच्या मुलाचा दुसरा लॅप सहा सेकंदांनी उतरतोय. हा किकचा प्रश्न नाही, पहिला लॅप त्याच्या आजच्या ताकदीला महाग पडतोय. आपल्याकडे याचं मोठं उदाहरण श्रीराम सिंग. १९७६ला मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम शर्यतीत त्यांनी ५०.८५ला घंटा घेतली, साऱ्या जगाच्या पुढे! १:४५.७७ला ते सातवे आले, म्हणजे दुसरा लॅप जवळपास ५५चा. क्युबाच्या अल्बेर्तो हुआंतोरेनाने १:४३.५०चा विश्वविक्रम केला आणि श्रीराम यांच्या वेगाला त्याचं श्रेय दिलं. श्रीराम यांची ती वेळ राष्ट्रीय विक्रम म्हणून २०१८पर्यंत टिकली. त्यांना कुणी किक नाही म्हणून हिणवलं तर मला राग येतो. तुमच्या मुलालाही कुणी तसं बोलू नये.

त्याला पुढच्या वेळी पहिला लॅप ६३ला धावू द्या. जीव तुटेल, पोरं पुढे निघून जातील, तरीही. ३०० ते ५०० मीटरच्या पट्ट्यात घड्याळ न बघता हात सैल ठेवायला सांगा, कारण वेळ बहुतेक तिथेच सांडतो. सरावात आठवड्यातून एकदा चार वेळा २०० मीटर, चारही एकाच वेळेत, मध्ये दोन मिनिटं चालणं. आधी ३२ला जमू द्या, मगच ३१. शर्यतीला तुम्ही स्वतः २०० मीटरच्या खुणेवर उभे राहा, चारही आकडे कागदावर घ्या आणि मला पाठवा. वेळ कितीही येऊ दे, चार आकडे हवेत.