खोट्या श्रोत्यांसमोर बोलून खरी भीती जाते का?

“समोरचे श्रोते खोटे आहेत हे मला ठाऊक असणार, मग त्यांच्यासमोर बोलून माझी भीती कशी जाईल?” भाषणाच्या भीतीवर व्हीआरच्या, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या, संगणकाने उभ्या केलेल्या आभासी वास्तवाच्या, मदतीने काम करू असे सुचवले की बहुतेक जण हीच शंका काढतात. लेखा विभागात वरिष्ठ पदावर असलेल्या एका बाईंनीही ती काढली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) विषयावर त्यांची उत्तम पकड होती, मात्र सादरीकरणाची वेळ आली की त्या सहकाऱ्याला पुढे करत, आणि याच भीतीपायी त्यांनी बढतीही नाकारली होती.

शंकेचे उत्तर त्यांच्या शरीरानेच दिले. हेडसेट चढवल्यावर लहानसे सभागृह दिसू लागले आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्याने घड्याळाकडे पाहताच त्यांचा आवाज कापू लागला, तळवे ओले झाले. शून्य ते शंभरच्या मापावर त्यांनी भीती ८० सांगितली. माणसे चित्रातली आहेत हे बुद्धीला कळते, पण रोखलेल्या नजरांनी शरीर तरीही बिथरते. याच आधारावर १९९०च्या दशकात आधी उंचीच्या आणि मग भाषणाच्या भीतीसाठी ही पद्धत वापरली जाऊ लागली.

प्रत्येक खेपेआधी मी विचारत असे, “नेमके काय होईल असे वाटते?” “अडखळले की पुढे शब्दच सुचणार नाही,” हे त्यांचे भाकीत. सुरुवातीला भीती फारशी उतरेना. बारकाईने पाहिले तेव्हा लक्षात आले की त्या मागच्या भिंतीवर नजर लावून पाठ केलेले घडाघडा म्हणत होत्या. अशा पळवाटेने वेळ निभावते, पण ‘पाठांतर होते म्हणून वाचले’ हा समज अधिकच घट्ट होतो. म्हणून मी त्यांना मुद्दाम वाक्य अर्धवट सोडून, श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत काही क्षण गप्प राहायला सांगितले. एक जण मोबाइलमध्ये डोके घालून बसला होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिले, श्वास घेतला आणि वाक्य पूर्ण केले. भाकीत खोटे ठरले. खऱ्या सभेत असा प्रसंग हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा घडवता येत नाही, आणि व्हीआरचा खरा लाभ मला इथेच दिसतो.

त्यानंतर आम्ही विभागाच्या छोट्या बैठकीकडे वळलो आणि पुढे मोठ्या सभेतला आढावाही त्यांनी स्वतः मांडला. आवाज अजून थोडा कापतो, पण आता त्या बोलणे टाळत नाहीत. हेडसेटमुळे काहींना मळमळते किंवा गरगरते. त्यांच्याबरोबर मी थेट माणसांसमोरच्या सरावाने सुरुवात करते, कारण पायरी कोणतीही असली तरी बोलणे शेवटी माणसांसमोरच व्हायचे असते.