आईचे आणि मामाचे कान इंजेक्शनांनंतर गेले. माझ्या मुलांना धोका आहे का?

ताई, आईला टीबीत आणि मामाला न्यूमोनियात इंजेक्शनं दिली, नंतर दोघांनाही ऐकू येईनासं झालं, पण मामाच्या मुलांचे कान ठणठणीत आहेत, असं तुम्ही लिहिलंय. ते शेवटचं वाचूनच मी उत्तर लिहायला बसलो.

मी कानांच्या तपासण्या करतो. घरचे हमखास सांगतात, "लहानपणी ताप डोक्यात गेला नि कान गेले." तापात सुई कसली टोचली होती विचारलं की एकमेकांकडे बघतात. एखाद्याच घरी ट्रंकेतून जुना कागद निघतो आणि त्यावर जेंटामायसिन लिहिलेलं असतं.

जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन ही औषधं जंतूंचा प्रथिनं बनवायचा कारखाना बंद पाडतात. तसाच कारखाना आपल्या मायटोकॉन्ड्रियातही (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तिच्यातल्या बारीक भागांतही) असतो, कारण मायटोकॉन्ड्रिया मुळात जंतूंचेच वंशज. दोन्हींत थोडा फरक आहे, त्यावर आपलं निभावतं. पण मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत 16,569 अक्षरं असतात. त्यातल्या 1555 व्या जागी 'ए'ऐवजी 'जी' आलं की तो फरक पुसट होतो आणि औषध आपल्याच कारखान्याला जाऊन चिकटतं. आतल्या कानातल्या बारीक तंतूंच्या पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. हे 1993 मध्ये उघड झालं. अशा माणसाचे कान अगदी मोजून दिलेल्या डोसनेही जाऊ शकतात. (डोस जास्त झाला किंवा किडनी कमजोर असली तर इतरांचेही जातात, त्यामुळे तपासणीआधीच खात्री धरू नका.)

हा डीएनए फक्त आईकडून येतो. मामाला तो आजीकडून मिळाला आणि त्याच्यापाशीच थांबला. तुमच्याकडून मात्र तो मुलांत उतरलाय. मावशी असेल तर तिच्याही. तुमच्या भावाने स्वतःला जपावं, त्याच्या मुलांची काळजी नको.

बदल असूनही कित्येकांचे कान आयुष्यभर शाबूत राहतात, म्हणून घाबरू नका. आधी आईचं रक्त जेनेटिक तपासणीला द्या. तोवर मुलांच्या फाइलवर पहिल्याच पानावर वरच्या तीन औषधांची नावं, ती टाळायची म्हणून, लिहून ठेवा, आणि मूल कधी अ‍ॅडमिट झालं तर डॉक्टरांना तोंडानेही सांगा. पर्यायी औषधं बहुतेक वेळा असतात. जीवावरचं दुखणं असेल तर निर्णय त्यांचा. मँचेस्टरमध्ये तर नवजात बाळाच्या गालातला नमुना घेऊन 26 मिनिटांत हे सांगणारी चाचणी बनवली आहे.

आणि हो, आईला डायबेटिसही आहे का? असेल तर याच डीएनएतली 3243 वी जागाही तपासायला सांगा. तिथला बदल डायबेटिस आणि बहिरेपण दोन्ही घेऊन येतो, तोही आईकडूनच.